खर्चाचा उघडा हिशेब

बंगळूरच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड ही वसाहत म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी दिलेल्या जमिनीवर उभी राहिली. आज तिचे नाव संगणकक्षेत्राशी जोडले गेले असले, तरी तिच्या शेजारच्या महादेवपुरा, हूडी या भागांत मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरविणारे लहान कारखानेही आहेत. अशा कारखानदाराकडे मोठा ग्राहक कधी कधी मागणी करतो, की केवळ किंमत सांगू नका, ती कशी बसते तेही दाखवा. ही मागणी मान्य करावी काय?

समजा, एका भागाची किंमत १०० रुपये आहे. त्यात पोलाद ५२, यंत्र व मजुरी २०, यंत्राचे सेटिंग ८, नाकारला जाणारा माल ६, अडकलेल्या पैशावरील व्याज ४ आणि व्यवस्थापन व नफा मिळून १० रुपये आहेत. ग्राहकाने नुसता ‘दर ९२ करा’ असा आग्रह धरला, तर तो भार या शेवटच्या दहा रुपयांवरच पडेल.

परंतु हिशेब नीट वाचला, तर निराळीच गोष्ट ध्यानात येते. ग्राहक दर आठवड्यास शंभर नग मागवितो, म्हणून दर आठवड्यास सेटिंगचे ८०० रुपये खर्च होतात. महिन्यातून एकदा चारशे नग मागविल्यास हा खर्च नगामागे दोन रुपयांवर येतो. साठवणुकीचा एक रुपया वाढला, तरी पाच रुपये वाचतात. आराखड्यातील मापांची सूट गरजेपेक्षा कडक असेल, तर ती सैल केल्याने नाकारला जाणारा माल निम्म्यावर येऊन आणखी तीन रुपये वाचू शकतात. म्हणजे हे आठ रुपये ग्राहकाच्याच सवयींमुळे खर्च होत होते. ते निम्मे-निम्मे वाटून घेतले, तर दर ९६ होतो आणि पुरवठादारालाही चार रुपये अधिक मिळतात.

मोटारधंद्यात याचा एक बोलका दाखला आहे. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने १९८९ मध्ये पुरवठादारांकडून काटकसरीच्या सूचना मागविण्यास आरंभ केला. बचतीतील वाटा पुरवठादारालाही मिळत असल्यामुळे सूचनांचा ओघ सुरू झाला. पुढे १९९८ मध्ये ही कंपनी जर्मनीच्या डाइम्लरमध्ये विलीन झाली आणि तोटा वाढताच २००० च्या अखेरीस सर्व पुरवठादारांना किमती सरसकट पाच टक्क्यांनी उतरविण्यास सांगण्यात आले. अशा हुकमानंतर आपली काटकसर मोकळेपणाने कोण दाखवील?

म्हणून हिशेब उघडण्यापूर्वी काही गोष्टी लेखी ठरविणे श्रेयस्कर असते. बचतीची वाटणी कशी होईल, हिशेब प्रतिस्पर्ध्यास दाखविला जाणार नाही याची हमी कोणती आणि ग्राहक आपल्या मागणीचा अंदाज किती आधी कळवील, हे स्पष्ट असावे. पैसे वेळेवर मिळणे हाही खर्चाचाच भाग आहे. भारतात २००६ च्या अधिनियमानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे देणे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागते. विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. मात्र ग्राहक दुरावण्याच्या भीतीने लहान कारखानदार हा हक्क बजावण्यास कचरतो.

हिशेबाची वही एकाच बाजूने उघडली, तर ती घासाघिशीचे साधन बनते. दोन्ही बाजूंनी उघडली, तरच खर्चाचे खरे मूळ सापडते.