कापड काळं झालं तेव्हा

'मानापमान' नाटकातलं 'चंद्रिका ही जणू' हे पद माझ्याकडे दोन तबकड्यांवर आहे. एक मास्टर दीनानाथांची, दुसरी उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची. दोघांचे शब्द तेच, नाटकही तेच. खाँसाहेब ते देवगंधार रागात, एकेका सुरावर रेंगाळत गातात. दीनानाथ तेच पद तानांच्या फेकीत असं उचलतात की ऐकणारा खुर्चीत नीट बसतो. या दोन तबकड्या एकामागोमाग लावायच्या, हा माझा कित्येक वर्षांचा रविवारचा नेम होता. त्यातली दीनानाथांची तबकडी आता वाजत नाही. तिच्यावरचं गाणं मीच, माझ्या हातांनी पुसून टाकलं. कसं ते सविस्तर लिहिते, कारण मावळातल्या कितीतरी घरांत, माळ्यावर, जिन्याखाली अशा तबकड्या पडून आहेत आणि पावसाळा दर वर्षी येतो.

आमच्या घरातल्या बहुतेक तबकड्या अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या. ते बालगंधर्वांचे निस्सीम भक्त. 'स्वयंवर'मधली पदं दुसऱ्या कुणी म्हटलेली त्यांना खपत नसत. पुढे एका स्नेह्यांनी घरी कुमार गंधर्वांची 'मला उमजलेले बालगंधर्व' ही मोठी तबकडी आणली. कुमारांनी त्यात बालगंधर्वांची नक्कल केलेली नाही. एक मोठा गवई दुसऱ्या मोठ्या गवयाचं गाणं स्वतःच्या गळ्यातून पुन्हा शोधतो आहे, असं ते ऐकताना वाटतं. अण्णा दोन्ही बाजू संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "पुन्हा लाव." त्या दिवसापासून मला 'दुसऱ्या गळ्याची' गाणी जमवायचा नाद लागला. आमच्या घरात हाच शब्द रूढ झाला. एक मूळ तबकडी आणि एक दुसऱ्या गळ्याची, अशा जोड्या. काही सहज मिळाल्या, काहींना दहा-दहा वर्षं लागली. खाँसाहेबांची ओडियन कंपनीची तबकडी मला पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी भांड्यांच्या ढिगाखाली सापडली. दीनानाथांची सांगलीच्या एका घरातून आली. तिथलं जुनं सामान निघत होतं. ती मांडीवर घेऊन मी सांगली ते पुणे एसटीने बसून आले.

माझा भाचाही याच वाटेवरचा, फक्त त्याचा मुलूख वेगळा. तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची ब्लूज गाणी आणि त्यांचे पुढच्या काळातले फंक ठेक्यावरचे अवतार गोळा करतो. त्याच्याकडून मी शिकले की रॉय हॉकिन्स नावाच्या गायकाचं 1951 मधलं गाणं बी. बी. किंगने 1969 मध्ये गायलं आणि ते किंगचंच होऊन बसलं. मडी वॉटर्सने 1954 मध्ये गाजवलेलं स्वतःचंच गाणं 1968 च्या 'इलेक्ट्रिक मड' या तबकडीवर इतक्या वेगळ्या साजात आणलं की जुने चाहते बिथरले. दीनानाथांनी 'मानापमान'च्या रुळलेल्या चाली बदलल्या तेव्हा आपल्याकडच्या रसिकांतही असाच वाद झाला होता. मावशी-भाचे आम्ही तासन्‌तास यावर बोलत असू. पण त्याच्या आणि माझ्या तबकड्यांत एक मोठा फरक होता, आणि तो माझ्या लक्षात आला नाही. त्याच्या तबकड्या व्हिनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या. माझ्या जुन्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्या लाखेच्या.

निवृत्तीनंतर मी पुण्यातली जागा सोडून बेगडेवाडीला आले. देहूरोड आणि घोरावडी यांच्या मधलं हे छोटं स्टेशन. लोकल थांबते, लांबच्या गाड्या थडथडत निघून जातात. लोणावळ्याइतका पाऊस आमच्याकडे पडत नाही, पण जून ते सप्टेंबर भिंती सुकत नाहीत, कपाटातल्या साड्यांना वास येतो, चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी धरते. पुण्याच्या पेठेतल्या कोरड्या माडीवर चाळीस वर्षं जे निभावलं ते इथे निभेल, असं मी गृहीत धरलं. तबकड्या अण्णांच्या लोखंडी ट्रंकेत होत्या, एकीवर एक आडव्या रचलेल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, वरून पॉलिथिनची पिशवी. मला वाटलं, पिशवी आहे म्हणजे ओल शिरणार नाही. खरं तर पॅकिंग केलं तेव्हा कागदात जो दमटपणा होता, तो त्या पिशवीने आतच कोंडून ठेवला.

पहिल्याच पावसाळ्यात, श्रावणात ट्रंक उघडली. वरच्या सात-आठ तबकड्यांवर राखाडी लव आली होती. तळाच्या दोन तबकड्यांना वरच्यांच्या भाराने कडेपासून मधोमध तडे गेले होते. दीनानाथांची तबकडी शाबूत होती, पण सगळीच्या सगळी बुरशीने माखलेली. भाचा मागच्या खेपेला तबकड्या पुसायचं द्रव ठेवून गेला होता. त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल होतं, बाटलीवर तसं लिहिलंही होतं. त्याच्या तबकड्या त्याने किती लखलखीत निघत ते मी पाहिलं होतं. मी त्याला फोन केला नाही. मऊ सुती कापड घेतलं, द्रव ओतलं आणि कडेकडेने पुसायला लागले.

कापड काळं झालं. मला आनंद झाला, किती वर्षांची घाण निघते आहे. दुसरा बोळा घेतला, तोही काळा. तिसराही. घाण संपतच नाही म्हणून मी आणखी जोर लावला. तबकडीचा चकचकीतपणा जाऊन ती मेणचट, मळकट दिसायला लागली, तेव्हा मी थांबले. वाळल्यावर लावली. एकसारखी खरखर, आणि तिच्या मागे फार लांबवर, विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज. कापडावर आली ती घाण नव्हती. ती तबकडीच होती, आणि तिच्या खाचांमध्ये दीनानाथांची तान होती.

हे मला कळायला हवं होतं. लहानपणी आमच्या घरी सुतार दरवाजांना पॉलिश करायला यायचा, तेव्हा आदल्या रात्री चपडा स्पिरिटमध्ये भिजत घालायचा. सकाळी तो पार विरघळलेला असे. चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी राळ तयार करतात, तीच. जगाला ती मुख्यतः भारतातून जायची. ग्रामोफोनच्या तबकडीत दगडाची बारीक भुकटी आणि काजळी घालतात, पण ते सगळं धरून ठेवते ती लाख. स्पिरिटने ती सुटते. प्लास्टिकच्या तबकडीला जे चालतं, त्याने लाखेची तबकडी जाते.

म्हणून तबकडी हातात घेतल्यावर पहिल्यांदा ती कशाची आहे ते पाहा. लेबलावर 78 असेल, किंवा तबकडी जड आणि ताठ असेल, खाचा नुसत्या डोळ्यांना स्पष्ट दिसत असतील आणि एका बाजूला एखादंच गाणं असेल, तर ती लाखेची आहे असं धरून चाला. तिला स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन, काचा पुसायचं द्रव, यांतलं काहीही लावायचं नाही. थंड शुद्ध पाणी, बॅटरीत घालतात तसलं डिस्टिल्ड. त्यात भांडी धुण्याच्या सौम्य साबणाचा एखादा थेंब. अगदी मऊ ब्रश, आणि तो खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा नाही. लेबलावर पाणी जाऊ द्यायचं नाही, कारण तिथला कागद गेला की तबकडीची ओळख जाते. पाण्यात भिजत ठेवायची नाही. लगेच साध्या पाण्याने निपटून, टिपून, ताटाळ्यात ताटं ठेवतात तशी उभी करून पंख्याखाली वाळवायची. उन्हात कधीच नाही, ती वाकते. बुरशी झटकायचं काम घराबाहेर आणि नाकाला फडकं बांधून करा. त्या श्रावणातला खोकला मला दिवाळीपर्यंत पुरला.

ठेवायच्या त्या उभ्याच. पुस्तकांसारख्या, ना फार घट्ट ना कलत्या. वर्तमानपत्र नको, पॉलिथिन नको, प्रत्येकीला साधं स्वच्छ कागदी पाकीट. ट्रंक आणि जिन्याखालची जागा दोन्ही बाद. मी आता घरातल्या आतल्या भिंतीला, पावसाची झड लागत नाही अशा बाजूला, जमिनीपासून दोन फूट उंच फळ्या केल्या आहेत. मागे बोटभर मोकळी जागा सोडली आहे, म्हणजे हवा खेळते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी एकेक तबकडी बाहेर काढून पाहते. वेळ लागतो, पण चार महिन्यांत बुरशी एकदम येत नसते. ती आधी कडेला एका ठिपक्याएवढी दिसते आणि तेव्हा ती कोरड्या ब्रशने जाते.

पिनेबद्दलही सांगायला हवं, कारण इथेही तीच गफलत होते. मोठ्या तबकडीची, म्हणजे एलपीची खाच फार बारीक असते. 78 च्या तबकडीची खाच तिच्या जवळपास तिप्पट रुंद. एलपीची पिन 78 च्या खाचेत लावली तर ती तळाशी घासत जाते आणि तळातला सगळा कचरा वाजवते. उलट केलं तर एलपीच खरवडून निघते. दोन्हींसाठी वेगळ्या पिना घ्या, त्या मिळतात. ज्यांच्याकडे चावीचा कर्ण्याचा फोनो असेल त्यांनी पोलादी पिन एका बाजूनंतर बदलावी. पूर्वी पिनांच्या डब्यांवरच तशी सूचना छापलेली असे आणि ती पिना खपवण्यासाठी नव्हती. त्या फोनोचं डोकं तबकडीवर चांगलंच जड बसतं. झिजलेली पिन त्या वजनाखाली नांगरासारखी चालते. अण्णा चावीच्या फोनोवर दुर्मीळ तबकडी कधी लावत नसत, हे मला उशिरा उमगलं.

आणि जे रेल्वेजवळ राहतात त्यांनी यंत्र लाकडी कपाटावर ठेवू नये. सकाळी डेक्कन क्वीन आमच्या स्टेशनातून न थांबता जाते तेव्हा माझ्या कपाटातल्या कपबश्या वाजत, आणि पिन खाचेतून उडून पुढे पडे. एका चांगल्या तबकडीवर असा ओरखडा आहे. आता भिंतीत पक्का बसवलेला कडप्पा आहे, त्यावर यंत्र.

खरेदीत मी एकदाच जबर फसले. एका विक्रेत्याने नाट्यपदांची एलपी 'मूळ आवृत्ती' म्हणून दिली. ती बऱ्याच नंतरची पुनर्मुद्रित निघाली. ऐकायला ती काही वाईट नव्हती, पण मी पैसे मोजले होते ते मूळ आवृत्तीचे. तेव्हापासून मी कव्हरवर विश्वास ठेवत नाही. लेबलाशेजारच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला किंवा ठोकलेला क्रमांक असतो, तो वाचते. त्यावरून तबकडी कोणत्या ध्वनिमुद्रणाची हे जाणकाराला सांगता येतं. कधी कधी एकाच पदाची त्याच गायकाने दोनदा मुद्रित केलेली रूपं असतात, ती याच क्रमांकाने वेगळी ओळखू येतात. दिव्याखाली तिरकी धरून तडा पाहायचा, कडेवरून बोट फिरवायचं. केसाएवढा तडा डोळ्यांना दिसला नाही तरी बोटाला लागतो.

सगळ्यात मोठी चूक मात्र ट्रंकेच्या आधीची आहे. माझ्याकडे दीनानाथांच्या त्या तबकडीची नक्कल नव्हती. यंत्रावरून संगणकात उतरवून घ्यायचं काम मी "पुढच्या सुट्टीत" म्हणून चार वर्षं लांबवलं. हे पद इतरत्र ऐकायला मिळतं, तेवढा दिलासा आहे. पण माझ्याकडच्या काही जोड्यांतल्या तबकड्या दुसऱ्या कुणाकडे मला अजून दिसलेल्या नाहीत. आता घरात आलेली प्रत्येक तबकडी धुऊन, वाळवून आधी एकदाच लावते आणि त्याच वेळी उतरवून घेते. त्यानंतर ऐकायची ती नक्कल. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षांनी संपतो, त्यामुळे 1930 च्या दशकातल्या या तबकड्यांचं मुद्रण उतरवून चार जाणकारांना देण्यात त्या हक्काची अडचण नाही. मुंबईत 1990 मध्ये 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' सुरू झाली ती अशाच संग्राहकांच्या पुढाकाराने. तिच्या 'द रेकॉर्ड न्यूज'मध्ये विस्मृतीत गेलेल्या गायकांच्या तबकड्यांच्या याद्या छापून आल्या. कुणीतरी तबकडी सांभाळली होती म्हणून त्या याद्या होऊ शकल्या.

भाच्याला मी सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, बाटलीवर मी एक चिठ्ठी लावायला हवी होती." मी त्याला म्हटलं, चिठ्ठी नसली तरी विचारायला तू होतास. आता बाटलीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी आहे: फक्त प्लास्टिक.

दीनानाथांची तबकडी मी टाकली नाही. फळीवर खाँसाहेबांच्या शेजारी तिची जागा आहे. रविवारी आता खाँसाहेब एकटेच लागतात. तुमच्या घरी आजोबांच्या तबकड्या असतील तर मृग निघायच्या आत त्या खाली काढा, उभ्या करा, आणि कापड हातात घेण्याआधी लेबल वाचा.