फोडणीचा धूर जातो कुठे?

नवीन घर घेताना किंवा जुनं किचन पाडून नवं करताना घरातली चर्चा बहुधा ठरलेल्या क्रमाने होते: आधी ओट्याचा दगड, मग कॅबिनेटचा रंग, मग फ्रिज. धूर ओढणारा हूड सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत. रोज फोडणी होणाऱ्या घराने हा क्रम उलटा करावा. ओट्याचा दगड दहा वर्षांनीही बदलता येतो. डक्टचा मार्ग बदलायचा तर कॅबिनेट उतरवून भिंत फोडावी लागते.

अमेरिकेतल्या अनेक घरांत शेगडीच्या डोक्यावर मायक्रोवेव्ह असतो आणि त्याच्याच पोटात पंखा. यातले बरेच पंखे हवा बाहेर नेतच नाहीत, गाळून परत खोलीत सोडतात. ओळखायचं कसं? पंखा सुरू करून मायक्रोवेव्हच्या वरच्या कडेसमोर हात धरा. वारा लागला, तर धूर घरातच फिरतोय.

आता या धुरात असतं काय ते पाहू. तेल तापून मोहरी तडतडते तेव्हा तेलाचे बारीक थेंब उडतात. मोठे थेंब कॅबिनेटवर चिकट थर होऊन बसतात; २.५ मायक्रॉनहून लहान असतात ते तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर पोचतात. सुकी मिरची घातली की तिच्यातलं कॅप्सायसिनही हवेत येतं. घशातले, एरवी भाजल्याची जाणीव करून देणारे चेतातंतू त्याने चाळवतात आणि शेजारच्या खोलीतल्यालाही ठसका लागतो. गॅस असेल तर आणखी एक भर: ज्योतीच्या उष्णतेत हवेतलेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात आणि त्यातून नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. दमा असलेल्या मुलांना हा वायू विशेष त्रास देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली त्याची चोवीस तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला २५ मायक्रोग्रॅम इतकी ठरवली.

हवा परत खोलीत सोडणाऱ्या पंख्याची जाळी तेल अडवते, कोळशाचा फिल्टर वास थोडा कमी करतो. पण ज्वलनातले वायू आणि वाफ बहुतांशी जशीच्या तशी परत येतात. इंडक्शन घेतलंत तर ज्योतीचे वायू संपतील. फोडणी मात्र तीच राहील, म्हणून हूड तरीही हवाच.

किती ताकदीचा? समजा, तुमचं किचन १२ बाय १४ फूट आणि छत ९ फुटांवर. हवा झाली सुमारे १,५०० घनफूट. मिनिटाला ३०० घनफूट ओढणारा पंखा पाच मिनिटांत तेवढी हवा बाहेर टाकतो, पण म्हणून किचन पाच मिनिटांत स्वच्छ होत नाही. नवी हवा जुनीत मिसळत असते, त्यामुळे पाच मिनिटांनी सुमारे ३७ टक्के धूर उरतो आणि पंधरा मिनिटांनी ५ टक्के. पंखा स्वयंपाकानंतरही चालू ठेवायचा तो यासाठी. धूर खोलीत मिसळण्याआधीच पकडणं त्याहून चांगलं. गरम हवा वर चढताना पसरत जाते, म्हणून हूड शेगडीपेक्षा अरुंद नको, पुढच्या बर्नरवर पोचेल इतका खोल हवा आणि फोडणी शक्यतो मागच्या बर्नरवर द्यावी. दिसायला देखणी असली तरी मधोमध बेटावर शेगडी मला पटत नाही: मागे भिंत नाही, येणाऱ्याजाणाऱ्यामुळेही धूर भरकटतो. शेगडी बाहेरच्या भिंतीला लावा. डक्टही आखूड होईल.

डक्टवर पैसे वाचवू नका. ६ इंचांऐवजी ४ इंचांचा घातला आणि तेवढीच हवा ढकलायची म्हटली, तर घर्षणाचा विरोध साधारण साडेसात पट होतो. मग खोक्यावर छापलेली ताकद प्रत्यक्षात मिळत नाही, आवाज तेवढा वाढतो आणि वैतागून कोणी पंखा लावत नाही. डक्ट गुळगुळीत धातूचा असावा, वळणं कमीत कमी, आणि त्याचं तोंड घराबाहेरच उघडायला हवं, माळ्यावर नाही.

उलट, पंखा अवाढव्य घेणंही बरं नाही. हवा बाहेर गेली की तेवढीच आत यावी लागते. आजची घरं घट्ट बंद असतात. मग गॅसच्या वॉटर हीटरच्या धुराड्यातून हवा उलटी ओढली जाऊ शकते आणि तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड. अमेरिकेत अनेक ठिकाणी मिनिटाला ४०० घनफुटांपुढच्या हूडसाठी बाहेरची हवा आत आणण्याची वेगळी सोय नियमाने करावी लागते. काँट्रॅक्टरला हे आधीच विचारा.

काम झालं की शेवटचा हप्ता देण्याआधी, शेगडी बंद ठेवून पंखा लावा आणि पुढच्या बर्नरच्या जागी एक उदबत्ती धरा. तिचा धूर हूडच्या कडेबाहेर निसटत असेल, तर काम अजून बाकी आहे.