साथीच्या काळात सरकारचा हात किती लांब?

प्रश्न : साथ आली की सरकार लोकांना घरात बसवतं, लस घ्यायला लावतं. तेव्हा मूलभूत हक्क स्थगित होतात का?

उत्तर : नाही. कोरोनाकाळात घटनेच्या ३५२व्या कलमाखालची आणीबाणी जाहीर झालीच नव्हती. झाली असती, तरी १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीमुळे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता आला नसता.

टाळेबंदीला आधार होता तो साध्या कायद्यांचा : २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि १८९७चा साथरोग कायदा. हा दुसरा इंग्रजांनी प्लेगच्या साथीत घाईघाईने केला. त्याच वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हुकमावरून गोरे सोजीर रुग्ण शोधायला घराघरांत शिरले आणि लोकांचा संताप चाफेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळीपर्यंत गेला. हा कायदा सरकारला अधिकार भरभरून देतो, नागरिकांच्या हक्कांबद्दल मात्र अवाक्षर काढत नाही. ही उणीव गंभीर आहे. आज ती राज्यघटना भरून काढते.

कलम १९ सार्वजनिक हितासाठी संचारावर वाजवी निर्बंध घालू देतं. पण ‘वाजवी’ काय, हे न्यायालय तपासतं. गुजरात सरकारने २०२० मध्ये कारखान्यांना जादा कामाच्या दुप्पट मोबदल्यातून सूट दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. साथीचा भार मजुरांच्याच खांद्यावर टाकणं हा उघड अन्याय होता.

लशीबाबत याच न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं की कोणालाही लस टोचून घेण्याची सक्ती करता येत नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणशीर निर्बंध मात्र घालता येतात.

साथीत निर्बंधांचा आदेश निघाला, की तो कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली काढला आहे, हे वाचकांनी आधी पाहावं. तो अन्याय्य वाटला, तर कलम २२६खाली उच्च न्यायालयात दाद मागता येते.