इसार परत दे

चि. सिदूस मामाचा आशीर्वाद.

इकडं सगळे बरे आहेत. पण तुझ्याबद्दल कानावर आलं ते बरं नाही, म्हणून लिहितोय. फोनवर तू 'हो मामा, हो मामा' म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागद तरी पुरा वाचशील.

पट्टणकोडोलीच्या जत्रेत उमदीचे पाव्हणे भेटले. म्हणाले, तुमच्या भाच्यानं मेंढरांचं सगळं खांड एका व्यापाऱ्याला बोललंय. इसारही घेतला, इथंच, जत्रेत. मी म्हटलं, आमचा सिदू असं करायचा नाही. म्हटलं खरं, पण मग दिवसभर तुलाच हुडकत फिरलो. फरांडेबाबा हेडाम खेळत देवळाकडं निघाले, भंडारा उधळला, खारीक-खोबरं उधळलं, लोकर उधळली. सगळी माणसं पिवळी. त्यात तू कुठला ओळखू येणार? बाबांची भाकणूक झाली. पाऊसपाण्याचं, धान्याच्या भावाचं लोक कान देऊन ऐकत होते. माझ्या डोक्यात एकच, पोरानं इसार घेतला.

खरं आहे का ते? आणि खरं असेल, तर तुझ्या आईला, आक्काला, ठाऊक आहे का?

दाजी गेले तेव्हा तू दहावीत होतास. त्या साली दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला कोण उतरलं, तळावर एकटीनं कोण राहिलं, हे मी सांगायला नको. ते खांड तुझ्या नावावर असेल, पण एकट्या तुझं नाही. तिला न विचारता हातात पैसे घेतलेस कसे?

लोकरीत काही राहिलं नाही, हे मला मान्य आहे. वर्षातनं दोनदा कातरायचं, आणि कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा लोकरीच्या पैशात सुटत नाही. यंदा घोंगड्यांच्या दुकानांपुढं मुद्दाम उभा राहिलो. सणगरांनी हातमागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली चांगली काळी घोंगडी होती. शेजारी पानिपतच्या ब्लँकेटांची थप्पी. गिऱ्हाईक सगळं त्या थप्पीकडं. तेव्हा लोकरीसाठी मेंढरं ठेव, असं मी म्हणणार नाही.

पण आपलं पोट लोकरीवर कुठं चाललंय? ते चाललंय कोकरांवर, आणि शेतकरी रानात मेंढरं बसवायला बोलावतो त्यावर. ते व्याज येत असताना तू मुद्दल विकायला निघालास. नड असेल तर म्हाताऱ्या काढ, नर काढ, माझी हरकत नाही. तरण्या मेंढ्यांना हात लावू नको. मेंढी पाच महिने गाभण राहते आणि बहुतेक वेळा एकच कोकरू देते. उद्या मन फिरलं आणि चार-पाच मेंढ्यांपासून पुन्हा सुरुवात केलीस, तर एवढं खांड उभं राहायला किती वर्षं लागतील? हिशेब तूच मांड, शिकलेला आहेस.

मिळकत वाढवायची तर आणखी वाट आहे. फलटणच्या निंबकर संस्थेनं सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळी देण्याचा गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणला आणि 'नारी सुवर्णा' तयार केली. एकदा जाऊन बघून ये, मी बरोबर येतो. नाहीतर माडग्याळचा मेंढा तर तुमच्या जतचाच आहे, अंगानं थोर, मटणाला भाव देणारा. मेंढा बदल, खांड कशाला विकतोस?

तू यमगेच्या बिरदेव डोणेचं नाव घेतोस. घे. 2025 साली यूपीएससी पास झाल्याचा निकाल लागला तेव्हा तो पोरगा बेळगावकडं मेंढरांतच होता. पण तो कशासाठी निघाला होता ते त्याला ठाऊक होतं. तू मेंढरं विकून पुण्याला जाणार म्हणे, पण कसल्या कामावर? पाव्हण्यांना विचारलं, त्यांनाही सांगता आलं नाही. एवढी मोठी गोष्ट ठरवून इसार घेतोस आणि काम कुठलं ते घरात कुणाला माहीत नाही?

तुझ्या वयाचा असताना मीही मेंढरं सोडून इचलकरंजीला मागावर आलो. आठवड्याला पगार हातात पडायचा. आमचे वडील, अण्णा, दरसाल खाली उतरले की गावाजवळ तळ टाकायचे आणि निरोप धाडायचे, रात्री जेवायला ये. मी पाळीचं कारण सांगायचो. खरं म्हणजे मागावरच्या पोरांना त्यांचं घोंगडं दिसू नये असं वाटायचं. अण्णांना रात्र-रात्र पुरतील एवढ्या ओव्या येत होत्या. मला त्यातली एकही पुरी येत नाही. आता पट्टणकोडोलीला जातो आणि परक्या माणसांत बसून ऐकतो. मागावर आल्याचं वाईट वाटत नाही. त्यावरच घर झालं, पोरं शिकली. जेवायला गेलो नाही, ते मात्र अजून सलतं.

रागानं बरंच लिहिलं. तुझे हाल मला दिसत नाहीत असं समजू नको. मेंढक्याला पोरगी द्यायला कुणी तयार नाही, हे मी दोन ठिकाणी स्वतः ऐकून आलोय. गेल्या पावसाळ्यात जिभा निळ्या पडून मेंढरं मेली, तेव्हा तू तीन रात्री डोळ्याला डोळा लावला नाहीस, हे आक्कानं सांगितलंय. एवढं सोसल्यावर माणूस वैतागणारच. पुण्याला जायचं असेल तर जा. पण काम बघून जा, आक्काशी बोलून जा, आणि परत यावंसं वाटलं तर घरी तरण्या मेंढ्या राहू देत.

तुला जत्रेतनं एक घोंगडं घेतलंय, सणगराच्या हातचं. पुण्याला गेलास तरी थंडीला लागेलच. दिवाळीला आक्काला घेऊन ये, मामी वाट बघतेय.

इसाराचे पैसे खर्च झाले असतील तर लाजू नको, माझ्याजवळ आहेत. व्यापाऱ्याशी मी बोलतो. तू आज रात्री जेवताना आक्काला सगळं सांग.

तुझा,
मामा