चीनचा अभ्यासदौरा: मुलं रात्री काय करणार, हे आधी विचारा

चीनच्या ‘बिझनेस टूर’ची पत्रकं आता वाणिज्य, व्यवस्थापन आणि अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत सर्रास फिरतात. ग्वांगझूचं प्रदर्शन, यीवूचा घाऊक बाजार, शेन्झेनमधली इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं, शांघायची एक संध्याकाळ आणि शेवटी प्रमाणपत्र. २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, त्यामुळे जाणंही सोपं झालं. पत्रक घेऊन आई-वडील येतात तेव्हा त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. खाण्याचं काय? भाषेचं काय? मुलगी रात्री सुरक्षित राहील ना? हे प्रश्न रास्तच आहेत आणि त्यांची उत्तरं पुढे देतो. पण त्याहून मोठे दोन प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: मूल तिथे नेमकं काय शोधायला चाललंय, आणि कोणत्या कागदावर सही करणार आहे?

पहिल्याचं उत्तर ‘चीन बघायला’ असं असेल, तर पैसे राखून ठेवा. एक वस्तू ठरवून जाणाऱ्याला हा दौरा भरपूर देतो.

समजा, सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या घरातली मुलगी आहे, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. कापड आणि शिलाई तिला घरातूनच माहीत. झिपा आणि बटणं मात्र व्यापाऱ्याकडून येतात आणि तो सांगेल तो भाव द्यावा लागतो. तिने एकच प्रश्न बरोबर न्यावा: ही झिप तिथे कितीला पडते, आणि आमच्या गोदामात येईपर्यंत कितीला पडेल?

आता तिचा दिवस बघा. शांघायहून वेगवान रेल्वेने साधारण दीड तासात यीवू. १९८२ मध्ये उघड्यावरच्या बाजारापासून वाढत गेलेल्या या शहरात आज सुमारे ७५ हजार गाळ्यांचं व्यापारी संकुल आहे. मोठमोठे विभाग आणि प्रत्येकात मालाची वाटणी. खेळणी पहिल्या विभागात, झिपा-बटणं तिसऱ्यात, मोजे चौथ्यात. ज्याला आपली वस्तू माहीत नाही, तो पहिल्या विभागातच दमून बसतो. गाळ्यात भिंतभर नमुने असतात, माल कारखान्यात. मालकीण कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून पुढे सरकवते, आपण आपला आकडा दाबून परत द्यायचा. भाषांतराचं ॲप उरलेलं निभावून नेतं.

भाव विचारणं मात्र सगळ्यांत सोपं काम. तिने विचारायला हवं ते वेगळंच: कारखाना तुमचा की दुसऱ्याचा? कमीत कमी किती माल घ्यावा लागेल? एका रंगाचा की सगळे रंग मिळून? सांगितलेला भाव कारखान्याच्या दारातला, की निंगबो बंदरात जहाजावर चढवून दिलेला? खोक्याची लांबी-रुंदी-उंची आणि वजन किती? हा शेवटचा प्रश्न विद्यार्थी हमखास विसरतात, आणि त्याच्यावाचून रात्रीचा हिशोबच होत नाही.

उत्तर ‘कारखाना आमचाच’ असं आलं, तर पत्ता घ्या आणि बघायला येऊ का विचारा. झेजियांग प्रांतात एकेका गावाने एकेक वस्तू धरली आहे. वेन्झूजवळचं छियाओथौ बटणांसाठी प्रसिद्ध, झूजीजवळचं तातांग मोज्यांसाठी. इचलकरंजी किंवा मालेगाव आतून पाहिलेल्या मुलाला तिथे फार समजावून सांगावं लागत नाही. एका धंद्याभोवती अख्खं गाव कसं उभं राहतं, हे त्याला घरचंच असतं. दौऱ्यातला एक दिवस अशा गावाला द्यायची आयोजकाची तयारी आहे का, हे नक्की विचारा.

ग्वांगझूच्या कॅन्टन फेअरबद्दलही हेच. १९५७ पासून भरणारं हे प्रदर्शन वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, प्रत्येक वेळी तीन टप्प्यांत भरतं. पहिल्या टप्प्यात यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स, दुसऱ्यात घरगुती आणि भेटवस्तू, तिसऱ्यात कपडे, कापड, खेळणी. आयोजक पुष्कळदा पहिल्या टप्प्याला नेतात, कारण रोबो बघून मुलं खूश होतात. आपल्या सोलापूरच्या मुलीचं काम तिसऱ्या टप्प्यात आहे.

आणि मग रात्र. यीवूचं संकुल संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होतं, प्रदर्शनाची दालनंही सहाच्या आसपास रिकामी होतात. पत्रकात यापुढे ‘मोकळा वेळ’ लिहिलेलं असतं. माझ्या मते दौऱ्याचं खरं शिक्षण याच वेळात होतं किंवा वाया जातं. दिवसभरात वीस-पंचवीस गाळे पाहिले असतील, तर रात्री आठ वाजता सगळ्यांनी हॉटेलच्या एका खोलीत बसायचं. प्रत्येक नमुन्याला चिठ्ठी: गाळा क्रमांक, भाव, किमान माल, मुदत. मग हिशोब. चीनमधला भाव, त्यावर जहाजाचं भाडं आणि विमा, त्यावर सीमाशुल्क, सीमाशुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, मग आयजीएसटी, न्हावा-शेवा बंदराचा आणि कस्टम्स एजंटचा खर्च, शेवटी सोलापूरपर्यंतचा ट्रक. हा तक्ता पहिल्या रात्री चुकतो, दुसऱ्या रात्री जमतो, आणि तिसऱ्या दिवशी ती मुलगी बाजारात वेगळीच उभी राहते. स्वस्त दिसणारी झिप शेवटी महाग पडते, हेही तिला तिथेच कळतं. याच वेळी वस्तू भारतात आणायला परवानगी आहे का, हे तपासायचं. खेळण्यांचंच घ्या: १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय खेळणी भारतात विकता येत नाहीत. यीवूत कितीही स्वस्त मिळाली, तरी हे चिन्ह नसेल तर तो भाव निरुपयोगी.

दोन तास असं बसल्यावर मुलांनी जरूर बाहेर पडावं. यीवूचा रात्रीचा बाजार, ग्वांगझूत पर्ल नदीकाठ आणि ६०० मीटर उंचीचा कॅन्टन टॉवर बघण्यासारखेच आहेत. या शहरांतले मुख्य रस्ते रात्रीही गजबजलेले असतात आणि मुलींनी फिरण्यात सहसा अडचण येत नाही. तरी नियम घालून द्या: एकट्याने नाही, स्टेशनबाहेर हाक मारणाऱ्या खासगी गाडीत नाही, टॅक्सी ॲपवरूनच. शांघायच्या ‘बंड’ या नदीकाठावर किंवा नानजिंग रोडवर छान इंग्रजी बोलणारे तरुण-तरुणी ‘चला, चहा पिऊ’ म्हणतात आणि बिल हजारो युआनचं येतं. ही फसवणूक जुनी आहे आणि अजून चालते. हॉटेलच्या दाराखालून सरकवलेली मसाजची कार्डं सरळ कचऱ्यात टाकायची.

कारखानदाराने जेवायला बोलावलं, तर बायज्यू नावाची कडक दारू येते, बहुधा पन्नास टक्क्यांच्या वरची. प्यायची नसेल तर पहिल्या पेल्यालाच चहाचा कप उचलावा. कोणी वाईट वाटून घेत नाही. तीन पेल्यांनंतर नाही म्हणणं अवघड जातं. सीमाप्रश्न, तैवान, तिबेट हे विषय टेबलावर नकोत. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. ‘क ती-हुआ’ हे त्यांचं चिनी नाव वडीलधाऱ्या पिढीतल्या अनेकांना माहीत आहे. त्याऐवजी त्यांच्याविषयी बोला.

शाकाहारी मुलांनी ‘मांस, मासे, अंडी, मांसाचा रस किंवा चरबी नको’ एवढं चिनीत लिहून फोनमध्ये ठेवावं. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर भाजी डुकराच्या चरबीत परतून येऊ शकते. गूगल, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम तिथे चालत नाहीत. भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर सहसा चालतात. वीचॅट आणि अलीपे इथूनच सुरू करून, पासपोर्टची पडताळणी आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून ठेवा. चीनचं घड्याळ अडीच तास पुढे, त्यामुळे फोनची वेळ आपल्या साडेसातची ठरवा. तिथे तेव्हा दहा वाजलेले असतात आणि मूल खोलीत असायला हवं. जून २०२५ पासून चीनमधल्या देशांतर्गत विमानांत ‘थ्रीसी’ हे चिनी सुरक्षा चिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही, हेही बॅग भरताना लक्षात असू द्या.

आता सहीबद्दल, आणि हे पालकांनी नीट वाचावं. २०११ च्या अखेरीस यीवूत दोन भारतीयांना स्थानिक व्यापाऱ्यांनी डांबून ठेवलं. ते ज्या कंपनीसाठी काम करत होते, तिच्या मालकाने पैसे थकवून पळ काढला होता. आपण केवळ नोकर आहोत, हे त्यांचं म्हणणं कोणी ऐकेना. प्रकरण एवढं वाढलं, की भारतीय दूतावासाने व्यापाऱ्यांना यीवूपासून दूर राहण्याचा इशारा दिला. चीनच्या कायद्यानुसार व्यापारी वाद न्यायालयात गेला तर परदेशी माणसाला देश सोडण्यापासून रोखता येतं. म्हणून एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने कोणाचीही ऑर्डर स्वतःच्या नावावर देऊ नये. ओळखीच्या काकांनी ‘जातोच आहेस तर एवढा माल बुक करून ये’ म्हटलं, तरी नाही. करारावर सही नाही, आगाऊ रक्कम नाही. तीस टक्के आधी आणि सत्तर टक्के माल निघण्यापूर्वी, हा तिथला नेहमीचा रिवाज. पण तो व्यवहार घरी परतल्यावर, वडिलांच्या किंवा कंपनीच्या आयात-निर्यात कोडवर, बँकेमार्फत व्हावा. पैसे पाठवण्याआधी पुरवठादाराच्या परवान्यावरचा अठरा अक्षरी नोंदणी क्रमांक तपासावा. खातं कंपनीच्याच नावावर आहे का, ते बघावं. ‘आमचं खातं बदललंय’ अशी ईमेल आली, तर आधी व्हिडिओ कॉल करून खात्री करावी.

आयोजकाला व्हिसा कोणत्या प्रकारचा काढणार, हेही विचारा. व्यापारी भेटीगाठींसाठी एम, अभ्यासभेटीसाठी एफ. पर्यटनाच्या एल व्हिसावर कारखाने फिरवणाऱ्या आयोजकाकडे मूल सोपवू नका. अडचण आली तर भारताचे वाणिज्य दूतावास ग्वांगझू आणि शांघायमध्ये आहेत. त्यांचे क्रमांक कागदावर लिहून पासपोर्टबरोबर द्या.

या दौऱ्यातून नोकरी मिळेल का, हे पालक विचारतातच. प्रमाणपत्रावर नाही मिळत. सोलापूरच्या मुलीने रात्री भरलेल्या तक्त्याला मात्र किंमत आहे. आयातदार कंपन्यांची खरेदी शाखा, मालाची तपासणी करणाऱ्या संस्था, मालवाहतूक कंपन्या आणि कस्टम्स ब्रोकर या ठिकाणी खोक्याच्या मापावरून कंटेनरचा हिशोब मांडता येणारं पोर कामाला येतं. चिनी भाषा शिकायची असेल, तर दौऱ्याआधी सहा महिने सुरुवात करा आणि एचएसके परीक्षेच्या पायऱ्या चढत राहा. भाषा आणि हिशोब दोन्ही येणारी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत. २०२४-२५ मध्ये भारताने चीनकडून ११३ अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा माल आणला, त्या मानाने तर फारच थोडी.

वेळ निवडताना दोन्ही देशांची पंचांगं समोर ठेवा. कॅन्टन फेअरचा तिसरा टप्पा वसंतात १ ते ५ मे असतो. आपल्याकडे बहुतेक परीक्षा तोवर आटोपतात, पण चीनमध्ये तेव्हाच कामगार दिनाची सुटी असते: रेल्वेला तुफान गर्दी आणि पुष्कळ कारखाने बंद. शरदातला ३१ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर. कारखाने चालू असतात, मात्र दिवाळी आणि सत्र परीक्षा आसपास येतात. चिनी नववर्षाच्या आगेमागे, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, यीवूला जाऊच नये, बाजारच बंद असतो. कारखाना बघायचा असेल तर मी शरद सुचवेन. त्यासाठी पासपोर्ट जूनपर्यंत हातात हवा आणि महाविद्यालयाकडून परीक्षेच्या तारखा जुलैतच लेखी घ्याव्यात.