आपोआप मिटणारे चिनी कपाट

दाराला स्प्रिंग नाही, लोखंडी बिजागरी नाही. तरी अर्धवट उघडून सोडले की ते हळूच मिटते. चीनमध्ये मिंग काळात (इ. स. १३६८ ते १६४४) गोल कोपऱ्यांची अशी कपाटे घडवीत व त्यांत कपडे, पुस्तके, मौल्यवान चिजा ठेवीत. उत्तम कपाटांचे लाकूड ह्वांगह्वाली, म्हणजे हायनान बेटावरचा आपल्या शिसवीचा भाऊबंद.

मग दार मिटवतो कोण?

कपाट नीट न्याहाळा. ते तळाशी रुंद, वर किंचित अरुंद असते. म्हणजे बाजूचे खांब आत कललेले. दाराच्या कडेला वर-खाली लाकडी खुंट्या असतात. त्या चौकटीच्या भोकांत फिरतात. त्यामुळे दाराचा अक्षही खांबासारखाच तिरपा होतो. दार उघडताना त्याचा गुरुत्वमध्य थोडा वर चढतो. सोडले, की तो सर्वांत खालच्या जागी येऊ पाहतो आणि ती जागा मिटलेल्या दाराची! घर्षण फार असेल तर मात्र दार वाटेतच थांबेल. तुमच्या वर्गाचे दार आपोआप हलते का? दोरीला दगड बांधून ओळंबा करा आणि चौकट तपासा.

आणखी एक युक्ती. दाराची फळी चौकटीत सरसाने पक्की केलेली नसते, खोबणीत सैल बसवलेली असते. दमट हवेत लाकूड रेषांच्या आडवे फुगते, लांबीला जवळजवळ नाहीच. ४० सेंमी रुंदीत १ टक्का फरक म्हणजे ४ मिमी! पक्की चिकटवलेली फळी कोरड्या हिवाळ्यात आकसताना तडकलीच असती.