मन लागत नाही, म्हणजे आळस नव्हे



आपल्या गटात अशी एखादी ताई असते. आधी बैठकीला सगळ्यांच्या अगोदर यायची. आता बचत मुलीच्या हाती पाठवते. शिलाई मशीन झाकून ठेवलेली. आपण म्हणतो, "आळशी झाली." तीही स्वतःला तेच म्हणते.

पण होतं काय? सोयाबीन हातचं गेलं, हप्ता थकला, घरात कुणी दगावलं, की मन खचतं. मन खचलं की काम सुटतं, चार जणींत बसणं सुटतं. मग समाधान कुठून मिळणार? मन आणखी खचतं. "मन लागलं की करीन" म्हणून हे चक्र थांबत नाही.

समुपदेशनात ते उलटं फिरवतात. आधी छोटं काम, मन मागून येतं. गोव्यात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांना असं समुपदेशन दिलं गेलं. देणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. भेटी ६ ते ८. नेहमीच्या उपचाराला याची जोड मिळालेल्यांना जास्त गुण आला, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं.

त्यातलं आपल्याला जमेल ते असं:

१. उद्याचं एकच काम ठरवा. "शिलाई सुरू करीन" नको. "सकाळी १० वाजता एक बाही शिवीन" असं.
२. कामाआधी मन कसं होतं, नंतर कसं वाटलं, वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीला सांगा.
३. जमलं तर थोडं वाढवा. नाही जमलं तर काम आणखी छोटं करा. स्वतःला दोष देऊ नका.

रक्त कमी असलं, थायरॉइड असलं तरी असाच थकवा येतो. म्हणून आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्या.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, झोप-भूक गेली असेल, तर आशाताईला सांगा किंवा पुसदच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटतो असं कुणी बोललं, तर तिला एकटी सोडू नका. घरातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवा आणि लगेच मदत मागा.

येत्या बैठकीत हजेरी घेताना एवढंच करा: कोण आली नाही ते पाहा, आणि दोघी जणी तिच्या घरी जा. हप्ता मागायला नाही, चहा प्यायला.